विलासचं रीळ

पाऊस परतला की पंचगंगेला पाच-सहा आठवडे असे मिळतात, ज्यांवर कुणाचाच हक्क नसतो. पुराचं तांबडं पाणी उतरून गेलेलं असतं आणि बंधाऱ्यात बरगे अजून पडलेले नसतात. बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत एकावर एक सरकवायच्या लोखंडी फळ्या. त्या पडल्या की नदी थांबते. मग उन्हाळा संपेपर्यंत ती उसासाठी साठवलेलं पाणी असते. आम्ही सवयीनं तिला नदी म्हणतो, इतकंच. पण त्याआधीचे हे दिवस वेगळे. पाणी निवळत आलेलं, हिरवट, आणि चालतं. पळत नाही, चालतं. भरली पिशवी घेऊन बाजारातून घरी निघालेल्या बाईसारखं, सावकाश पण न थांबता.

काठावरच्या करंजांच्या फांद्यांना पुरानं अडकवून ठेवलेल्या चिंध्या लोंबत असतात. पलीकडच्या रानात सोयाबीनची मळणी चालू असते, तिची धूळ उन्हातून तरंगत येते आणि घशाला खाजते. वाळत्या गाळाला भेगा पडायला लागलेल्या असतात. जोतिबाचा डोंगर कुणीतरी पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ दिसतो. या सगळ्याची मी वर्षभर वाट बघतो. आणि ते आलं की पहिल्याच रविवारी त्याच्यासोबत आणखी काहीतरी येतं. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत ते पहिल्यांदा आलं, आणि तेव्हापासून दर वर्षी न चुकता येतं. मला विलासचा हेवा वाटतो.

लिहून टाकलं. बरं वाटलं, असं मात्र नाही.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे. मी उद्यमनगरात मशीनशॉप चालवतो. ते माझ्या वडिलांनी, आबांनी, एका लेथवर सुरू केलेलं. आम्ही दोघं गेली पंचवीस वर्षं रविवारी सकाळी गळ टाकायला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जातो. तिथं पाण्यात उतरत गेलेली एक काळ्या दगडाची जुनी घाटी आहे. वरच्या पायरीवर मी बसायचो, खालच्या पायरीवर विलास. असं का, ते कधी ठरवलं नव्हतं. पण माझ्याकडं परदेशातून भाच्यानं आणलेली काठी होती, तिच्यावर चकचकीत रीळ होतं, त्यात दहा का बारा बेअरिंग होते आणि ते फिरवलं की मांजर घुरघुरल्यासारखा आवाज यायचा. विलासकडं बांबू होता. बांबूच्या टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, तंगुसाला बूच, बुचाखाली गळ. एवढंच. तो माझ्या रिळाकडं बघून म्हणायचा, "तुझं काय बाबा, उडतं इमान हाय ते." आणि मी म्हणायचो, "बघ की फिरवून." तो फिरवायचा, हसायचा, परत द्यायचा. मला ते फार आवडायचं. त्याला मासे माझ्यापेक्षा जास्त मिळायचे, त्याचंही मला काही वाटत नव्हतं. मासे कुणालाही मिळतात.

त्या वर्षी पूर उतरल्यावरच्या पहिल्या रविवारी तो बांबू न घेता आला. दुसरीच एक लांब काठी होती, आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"कबनूरला गेलतो, पावण्यांकडं," तो म्हणाला. "तितं यंत्रमागाचं भंगार घेणारा एक हाय. बॉबिनच्या ढिगात हे पडलंतं. त्यो म्हनला, पावणं, लूमचा पार्ट हाय, न्या वजनावर. म्या म्हनलं, न्हाय बाबा, ह्यो लूमचा पार्ट न्हाय. पर त्येला म्हनलो न्हाय, मनातल्या मनात म्हनलो."

फडक्यातून निघालं ते एक चाक. बशीएवढं, अॅल्युमिनियमचं, काळपट पडलेलं. मागं पितळी तबकडी, पुढं दोन बारक्या शिंगाच्या मुठी. मागच्या तबकडीवर कुठल्याशा इंग्रजी गावाचं नाव झिजून झिजून निम्मं राहिलेलं. कुठल्या साहेबानं ते इकडं आणलं, कुठल्या बंगल्याच्या माळ्यावरून ते भंगारात गेलं, देव जाणे. ना गिअर, ना ब्रेक, ना बेअरिंग. मधे एक पोलादी पिन आणि पिनेवर फिरणारं चाक. बस.

मी पोट धरून हसलो. "लेका, ह्याच्यावर पतंगाचा मांजा गुंडाळ," म्हणालो.

"व्हिडिओत बघितलंय म्या," विलास म्हणाला. "असली जुनी रिळं तिकडं लोक अजून वापरत्यात. स्वस्तात मिळत्यात, जन्मभर टिकत्यात. चालत्या पाण्यात बूच सोडायचं, पाणीच तंगूस वढून नेतंय, चाक आपलं आपलं फिरतंय. आपुन फकस्त अंगठा ठेवायचा."

पण चाक आपलं आपलं फिरत नव्हतं. एक वेढा घेऊन कुरकुरून थांबायचं. पिन वाकलेली होती. विलासनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, बघू, शॉपवर ठेव. ठेव म्हणालो ते नुसतं ठेवण्यासाठीच, दुरुस्तीसाठी नव्हे.

ते आबांच्या हाती लागलं.

आबांबद्दल इथं सांगायला हवं. ते तेव्हा पंचाहत्तरीचे होते. मी कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन घेतल्यापासून शॉपमधलं त्यांचं काम संपलं होतं, तरी रोज सकाळी नऊला ते इस्त्रीचा सदरा घालून यायचे आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. त्यांचा जुना लेथ कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेला होता. तो विकायचं मी ठरवलं होतं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. आमच्यात भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. "जेवलासा?" "व्हय." "लाईट गेलती काय?" "गेलती." असं चालायचं. मासेमारीशी तर त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मी नदीवरून आलो की ते पेपरातून डोळे वर काढायचे आणि पुन्हा खाली घालायचे. माझं ते परदेशी रीळ त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मागितलं नाही, आणि मी दाखवलं नाही.

दोन दिवसांनी मी बँकेतून परत आलो तर शॉपमध्ये एक जुना आवाज ऐकू आला. पट्ट्याचा, मग पोलादावर टूल लागल्याचा. पोतं जमिनीवर पडलं होतं. आबांनी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवला होता, आणि विलास त्यांच्या बाजूला वाकून उभा होता, पुजाऱ्याशेजारी यजमान उभा राहतो तसा. लेथच्या जबड्यात, चकमध्ये, जॉब फिरत होता: माझ्या करंगळीपेक्षा बारीक पिन.

"मायक्रो दे," आबा म्हणाले. मी पुढं झालो. पण ते विलासला म्हणाले होते. त्याला मायक्रो, म्हणजे जाडी मोजायचा मायक्रोमीटर, कशाला म्हणतात तेही ठाऊक नव्हतं. त्यानं टेबलावरची तीन हत्यारं उचलून दाखवली, आणि आबा हसले. मी त्यांना असं हसताना किती वर्षांत बघितलं नव्हतं, ते आठवायला लागलो आणि आठवेना.

पिन बसली. आबांनी चाक तिच्यावर चढवलं, एका बोटानं टिचकी मारली आणि ते कानाजवळ नेलं. चाक फिरू लागलं. आवाज नाही. शिंगाच्या दोन मुठींचं एक पिवळट कडं झालं होतं, ते तसंच राहिलं. राहिलं, राहिलं, मी दोनदा श्वास घेतला, चारदा घेतला, चहावाला येऊन ग्लास ठेवून गेला, तेव्हा कुठं मुठी पुन्हा दोन दिसू लागल्या.

"काम झालं," आबा म्हणाले, आणि रीळ विलासच्या हातात दिलं.

मी त्या दिवशी लेथच्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याचं कारण अजूनही मला नीट सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी आबा नदीवर आले. मला म्हणाले नाहीत, विलासच्या स्कूटरवर मागं बसून आले. घडीचं स्टूल त्यांनी विलासच्या पायरीवर मांडलं.

पहिला दिवस फजितीचा होता. चाकाला थांबवणारं काहीच नाही म्हटल्यावर ते पाण्याच्या पुढं पळायचं आणि तंगुसाचा असा गुंता व्हायचा की विलास तो सोडवत तासभर बसायचा. मी वरून बघत होतो आणि मला, खरं सांगतो, गारगार वाटत होतं. पण विलासनं तीस वर्षं खडखडत्या एसटीत उभं राहून एका अंगठ्यानं तिकिटं फाडली होती, नोटा सरकवल्या होत्या. त्या अंगठ्याला काय शिकवायचं असतं? दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला त्यानं तो चाकाच्या काठावर टेकवला, दाबला नाही, नुसता टेकवला, आणि बूच पाण्यावर चालू लागलं.

ते दृश्य मला सांगता आलं पाहिजे, कारण सगळं त्यातच आहे. लाल टोकाचं बूच. ते पाण्याबरोबर निघतं, पाण्याच्याच चालीनं. दगडाजवळ पाणी वळतं तिथं तेही वळतं, भोवऱ्याच्या कडेला क्षणभर घुटमळतं, पुन्हा वाटेला लागतं. तंगूस त्याच्या मागं हवेत एक सैल रेघ. आणि इकडं काठीच्या बुडाशी ते काळपट चाक हळूहळू फिरतंय, नदी फिरवतेय त्याला. विलास काहीच करत नाहीये. तो नुसता तिथं आहे, अंगठ्यापुरता. चाळीस-पन्नास हात खाली बूच जातं, मग तो चाकाच्या काठाला तळहातानं टप-टप-टप मारत तंगूस परत गुंडाळतो, दोन बोटांनी तंगुसाचे वेढे ओढून काठी हलवतो, आणि बूच पुन्हा वरच्या अंगाला जाऊन बसतं. पुन्हा चालू लागतं. माझ्या रिळात बारा बेअरिंग होते, पण माझं बूच कधी असं चाललं नाही. ते फेकलं की पडायचं, आणि पडल्या जागी ओढ खात राहायचं.

आबा बुचाकडं बघतच नव्हते. चाकाकडं बघत होते. आपल्या हातची पिन नदीच्या जोरावर फिरतेय, हे बघत होते.

आणि बोलत होते. हेच मला सोसेना. सोळाव्या वर्षी फौंड्रीत कसे लागले, पहिल्या दिवशी हात कसा भाजला, उस्तादानं भाजल्या हातावर तेल लावून वर एक थोबाडीत कशी दिली. आईला बघायला गेले तेव्हा नखांतलं काळं निघेना म्हणून हात खिशात ठेवून कसे बसले. मी वरच्या पायरीवर माझी महागडी काठी धरून हे ऐकत होतो. माझ्या आईची गोष्ट. ती मला विलासच्या पाठीवरून ऐकावी लागत होती.

घरी जेवताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "सुनंदा, विलासच्या अंगठ्यात जीव हाय बघ. हज्जारात एकाला असतोय."

सुनंदा म्हणाली, "आणि तुमच्या लेकाच्या?"

आबांनी भाकरी मोडली. "त्येचं समदं मशीनवर," म्हणाले. वाईट म्हणून नाही. सहज.

मीही प्रयत्न केला. एका रविवारी विलासला म्हणालो, दे इकडं. त्यानं लगेच दिलं. त्याचा स्वभावच तसा, त्याला कधी काही लपवून ठेवता आलं नाही. मी अंगठा टेकवला, चाक थांबलं. उचलला, चाक पळालं, गुंता झाला. विलास जवळ येऊन बसला आणि गुंता सोडवता सोडवता म्हणाला, "दाबू नगंस. आबा काय म्हनत्यात, म्हाईत हाय? म्हनत्यात, टूल जॉबला लागलं पायजे, पर जॉबला कळलं न्हाय पायजे. तसं ठेव."

आबा काय म्हणतात, ते विलास मला सांगत होता.

मी त्याला रीळ परत दिलं. "तुझं तुलाच जमतंय," म्हणालो, आणि हसलोसुद्धा. तो पाण्याकडं वळला. मी त्याच्या मानेकडं बघत होतो. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी ती मान हजारदा बघितली असेल. त्या दिवशी मला तिचा राग आला.

नंतरच्या शनिवारी विलास रीळ तेल घालायला आबांकडं ठेवून गेला. दर शनिवारी ठेवायचा. आबांनी ते सकाळी उघडलं, पुसलं, सुईच्या टोकावर घेऊन तेलाचा एक थेंब सोडला, फिरवून बघितलं, फडक्यात ठेवलं. दुपारी जेवून ते शॉपच्या वर आमचं घर आहे तिथं झोपायला गेले. शॉपमधले कामगारही जेवायला गेले होते. मी एकटा होतो.

मी विचार न करता केलं, असं म्हणायला मला आवडेल. पण मी हात धुऊन घेतले होते, चाकाला डाग लागू नये म्हणून. एवढा विचार केला होता. मधला स्क्रू काढला, चाक उतरवलं, आणि मोठ्या बेअरिंगांना लावायचं घट्ट ग्रीस बोटभर घेऊन पिनेवर थापलं. चाक चढवलं. स्क्रू होता त्यापेक्षा अर्धा आटा जास्त आवळला. बाहेरून पुसलं. टिचकी मारली तर चाक एक वेढा घेऊन थांबलं. भीती वाटली नाही. समाधान वाटलं. आता उद्या ते बूच चालणार नाही, एवढंच डोक्यात होतं. एक रविवार चालू नये. एक रविवार आबांनी वर माझ्याकडं बघावं.

रविवारी ऊन कोवळं होतं आणि पाणी त्या मोसमातलं सगळ्यात चांगलं. विलासनं पहिल्यांदा बूच सोडलं तेव्हाच म्हणाला, "आज जड चालतंय की आबा."

आबा स्टुलावरून पुढं झुकले. "बघू, इकडं आन."

"एवढा फेरा जाऊ द्या."

त्याच फेऱ्यात बूच बुडालं. थरथरून, चाचपून नाही. गेलं ते गेलंच. विलासनं काठी उचलली आणि काठी बुडापर्यंत वाकली. असा मासा आम्हाला इतक्या वर्षांत लागला नव्हता. तो सरळ धारेला लागून खाली निघाला. अशा वेळी चाकानं पळायला हवं होतं. माशाला जाऊ द्यायचं, अंगठ्यानं त्याला दमवत जाऊ द्यायचं, त्यासाठीच तर असलं रीळ असतं. चाक पळेना. हिसक्या-हिसक्यानं फिरत होतं, अडत होतं. विलासनं अंगठा केव्हाच काढला होता; तो दुसऱ्या हातानं तंगूस ओढून मोकळा करायला बघत होता, तळहात कापला, रक्त आलं. "चल की, चल की रं," तो चाकाला म्हणत होता, बैलाला म्हणतात तसं. खाली लांबवर पाणी फुगलं, एक तांबूस पाठ वर आली, आणि काठी सरळ झाली.

तुटलेलं तंगूस हवेत हलत होतं.

विलास पायरीवर बसला. रडला नाही, पण बसला तो हात मांडीवर उपडे ठेवून, आजारी माणसासारखा. आबांनी त्याच्या काठीवरून रीळ सोडवलं. स्क्रू काढला, काढताना क्षणभर थांबले. त्या अर्ध्या आट्याला थांबले. चाक उतरवलं. पिनेवरून बोट फिरवलं, अंगठ्यानं ते चोळलं, नाकाशी नेलं. आमच्याच शॉपचं ग्रीस. मी वरच्या पायरीवर होतो. माझे कान तापले होते. आता ते वर बघतील, असं वाटलं.

त्यांनी वर बघितलं नाही.

"माझी चूक झाली विलास," ते म्हणाले. "काल वंगण घालताना मी चुकून घट्ट ग्रीस घातलं. वय झालं. हाताला कळंना आता."

"असू द्या आबा," विलास म्हणाला. "मासाच हाय. फुडच्या वर्षी यील."

माझ्या वडिलांनी पन्नासेक वर्षं लोखंडात काम केलं होतं. त्यांचा जॉब परत आला असं आम्ही घरी कधी ऐकलं नाही. मालकांशी, गिऱ्हाइकांशी ते भांडायचे ते एकाच गोष्टीवरून: कुणी म्हणालं की आबा, तुमचं माप चुकलं. आणि ते त्या पायरीवर उन्हात उभं राहून म्हणाले की माझ्या हाताला कळेना.

दुपारी ते शॉपमध्ये ताटलीत डिझेल घेऊन पिन धूत बसले. मी दारात उभा राहिलो.

"आबा," मी म्हणालो.

"फडकं दे."

दिलं.

"त्येचा हेवा वाटला व्हय तुला?" पिन पुसत ते म्हणाले. "वाटू दे. मलाबी वाटतोय."

"विलासचा?"

"तुझ्या त्या मशीनचा." त्यांनी हनुवटीनं सीएनसीकडं दाखवलं. "सकाळधरनं सांजपातुर त्येच्या म्होरं उभा असतोस. काय बोलतोस, काय बघतोस त्येच्यात, तुझं तुला ठावं. मी दारात बसून बघतोय सात वर्षं." मग पिन उजेडात धरून त्यांनी एक डोळा मिटला. "पर मी कधी त्येच्यात वाळू न्हाय टाकली, सुभाष."

पुढच्या आठवड्यात बरगे पडले. पाणी तुंबलं, बुचं जागच्या जागी उभी राहिली. मोसम संपला.

मला वाटलं होतं, हे असंच पाण्याबरोबर निघून जाईल. पण पुढच्या वर्षी पूर उतरला, विलास नदीवर आला, आणि शनिवारी रीळ घेऊन शॉपवर आला नाही. आबा दुपारी झोपले नाहीत, दाराकडं बघत बसले. रविवारी मी विचारलं तर विलास म्हणाला, "तेल मीच घालतो आता घरी. आबांना कशाला तरास? हात कापत असंल त्यांचा. त्यादिवशी किती वाईट वाटलं त्यांना, बघितलंस न्हवं?" त्याच्या आवाजात नुसती माया होती. त्यानं माझ्या वडिलांना म्हातारं ठरवून मोकळं केलं होतं. त्यांना चुकायची लाज पुन्हा वाटू नये, म्हणून.

आबांनी काही विचारलं नाही. नदीवर यायचंही त्यांनी हळूहळू सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. लेथवर पुन्हा पोतं पडलं. आणि मी, ज्याला एक शब्द बोलायचा होता, तो बोललो नाही. एक मोसम गेला, दुसरा गेला. माझ्यातला एक बारकासा भाग असंही म्हणत होता की बरं झालं, आता आबा कुणाचेच नाहीत. ही ओळ मी दोनदा खोडली. पुन्हा लिहिली, कारण ती खरी आहे.

आणि हेवा? तो गेला नाही. विलासचं बूच तसंच चालत राहिलं. उलट आणखी सुरेख. आता तर त्याला चाकाकडं बघावंही लागत नाही. तो समोरच्या उसाकडं बघत असतो आणि अंगठा आपलं काम करत असतो.

गेल्या रविवारी, या मोसमाच्या पहिल्याच सकाळी, मी वरच्या पायरीवरून खाली उतरलो आणि त्याच्या शेजारी बसलो. त्याचं बूच निम्म्या वाटेवर होतं.

"विलास, त्यादिवशी ग्रीस आबांनी घातलं न्हवतं," मी म्हणालो. "मी घातलं."

बूच चालत राहिलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग त्यानं अंगठा दाबला आणि चाक थांबलं.

"का?"

"तुला जमत होतं म्हणून. आणि आबा तुझ्याजवळ बसत होते म्हणून."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्या शिव्यांची तयारी ठेवली होती. विलासच्या शिव्या एसटीच्या मागच्या सीटपर्यंत ऐकू जायच्या.

"माशाचं जाऊ दे रं," तो अगदी हळू म्हणाला. "मासा गेला खड्ड्यात. पर मी त्या म्हाताऱ्याला... अरं, मी त्येंच्या हातात रीळ द्यायचं बंद केलं की रं! दोन वर्षं! मला वाटलं, त्येंचा हात गेला." त्याचा आवाज एकदम चढला. "तू रोज त्येंच्या शेजारी जेवत हुतास! तुझ्या तोंडाला काय झालतं?"

त्यानं टप-टप करत तंगूस गुंडाळलं, गळ काढला, काठीचे दोन भाग सुटे केले. सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते, पाणी तर असं होतं की सोडवू नये. तो घाटी चढून गेला. स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. मला मागं बस म्हणाला नाही.

मी चालत निघालो, मग वाटेत रिक्षा मिळाली. शॉपवर पोचलो तेव्हा त्याची स्कूटर बाहेर तिरकी उभी होती. रविवारचं शॉप बंद असतं, पण दार सताड उघडं होतं. विलासनं आबांना वरून खाली आणून बसवलं होतं. काय बोलला, माफी कशी मागितली, मला कधी कळणार नाही. मी पोचलो तेव्हा ते बोलणं होऊन गेलं होतं. टेबलावर रीळ उघडं पडलं होतं. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला होता.

"पिन झिजलीय," ते विलासला म्हणत होते. "तेल कसलं घालत हुतास? शिलाई मशीनचं? असलं घालतंय व्हय कोन! नवी करावी लागंल."

"करा की."

"हात कापतोय जरा."

"मी धरतो."

विलासनं त्यांचं मनगट धरलं, दोन बोटांनी, दाबलं नाही. दोन डोकी एका चाकावर वाकली होती. मी दारात उभा होतो, आणि इतकं सगळं होऊन गेल्यावरही, लाज वाटत असतानाही, मला विलासचा हेवा वाटला. तीन वर्षांपूर्वी वाटला होता तितकाच. मला वाटलं होतं, खरं सांगून टाकलं की जाईल तो. गेला नाही.

आबांनी मान वर न करता म्हटलं, "सुभाष, दारात उभा राहून उजेड अडवू नगंस. भाईर जा, न्हायतर आत ये."

मी आत गेलो.